साडेतीन एकर आणि एकतीस ताटं

२०२४ च्या अक्षय तृतीयेला आमच्या घरची सगळी माणसं थोरल्या काकांच्या सोप्यात बसली होती. विषय एकच होता, बेळगावच्या दक्षिणेला येळ्ळूर-धामणे पट्ट्यात उरलेल्या आमच्या साडेतीन एकरांत यंदा भात करायचं की ऊस लावायचा. तिसरा पर्याय धाकट्या चुलतभावाने मांडला, गुंठ्यांनी विकून टाकायची. घर एकच म्हणवतो, पण चुली चार आहेत. लहानथोर धरून माणसं एकतीस.

या एका बैठकीचं आणि तिच्यानंतरच्या दोन हंगामांचं हे प्रकरण आहे. ते लिहून ठेवावंसं वाटलं, कारण वाढत्या माणसांना पुरेल एवढं धान्य पिकवायचं म्हणजे नेमकं काय, हे मला त्या सोप्यात पहिल्यांदा आकड्यांत दिसलं. मी बेळगावात नोकरी करतो, शनिवार-रविवार शेतात असतो आणि घरातला हिशेब माझ्याकडे आहे. माझं मत भाताच्या बाजूचं होतं, हे आधीच सांगतो.

वहीतला हिशेब

आज्जाची एक वही आहे. पुठ्ठा गेलेली, वाळवीने एका कडेला खाल्लेली. त्यात १९६८ च्या सुगीचा हिशेब आहे. तेव्हा जमीन सहा एकर आणि घरात नऊ माणसं. भात झालं तेहतीस क्विंटल, म्हणजे एकरी साडेपाच. आज हा आकडा ऐकून पोरं हसतात, पण त्या काळच्या उंच वाढणाऱ्या जवारी बासमतीचा उतारा तेवढाच असायचा. खत म्हणजे गोठ्यातलं शेणखत आणि उन्हाळ्यात बसवलेली बकरी.

भात भरडलं की शंभराला पासष्टच्या आसपास तांदूळ उतरतो. म्हणजे तेहतीस क्विंटलाचा तांदूळ झाला साडेएकवीस क्विंटल. बियाणं बाजूला काढायचं, कापणी-मळणीच्या गड्यांना भातच द्यायचं, सुताराचा आणि लोहाराचा वाटा द्यायचा, आणि सारा, कापडचोपड, मीठ-तेल यांसाठी थोडं विकायचं. कागदावर नऊ माणसांना पुरायला हवं होतं. प्रत्यक्षात वहीत भाद्रपदात नोंद आहे, ‘दोन पोती वाढीदिढीने आणली’. दोन आणायची आणि सुगीला तीन परत करायची. नागपंचमी ते दसरा हे दिवस आज्जी नाचण्याच्या आंबिलीवर काढायची, हे मी तिच्या तोंडून ऐकलं आहे. शेतकऱ्याच्या घरात, भाताच्या पट्ट्यात, ही स्थिती.

देशाचं चित्र वेगळं नव्हतं. १९५०-५१ मध्ये भारतात सुमारे ५.०८ कोटी टन धान्य पिकत होतं आणि माणसं ३६ कोटी होती. १९६५-६६ च्या दुष्काळात अमेरिकेच्या गव्हाची जहाजं आली म्हणून कितीतरी घरांत चूल पेटली. १९६६ मध्ये फिलिपाईन्समधल्या संशोधन केंद्राने आयआर-८ हे बुटकं भात बाहेर काढलं, १९६८ मध्ये आपल्याकडे जया आलं. या बुटक्या वाणांचं मर्म साधं होतं. उंच भाताला जास्त खत दिलं की ते वाढतं आणि लोंबीच्या भाराने आडवं पडतं. बुटकं पडत नाही, म्हणून खत पचवतं. २०२२-२३ मध्ये देशाचं धान्य सुमारे ३२.९७ कोटी टनांवर गेलं. माणसं चौपट झाली, धान्य साडेसहापट झालं. हे ज्यांनी घडवलं त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे. आज्जीची आंबील मी ऐकली आहे, खाल्लेली नाही, ती त्यांच्यामुळे.

आमच्या शिवारात जया सत्तरीच्या दशकात आलं. आज्जाने दोन वर्षं केलं आणि खोलगट तुकड्यातून काढून टाकलं. उतारा दुप्पट मिळत होता, पण दोन गोष्टी आड आल्या. एक, पावसाळ्यात त्या तुकड्यात गुडघाभर पाणी राहतं, त्यात बुटकं रोप बुडायचं. दुसरी, पिंजर म्हणजे भाताचा पेंढा कमी पडायचा. चार म्हशी आणि बैलजोडी वर्षभर पिंजरावर असायची. पिंजर कमी म्हणजे जनावर कमी, जनावर कमी म्हणजे शेणखत कमी. म्हणून खोलात त्याने उंच वाढणारं इंटाण धरलं, ते आजतागायत आहे. वरच्या तुकड्यात आधी जया, मग सोनामसुरी, आता इंद्रायणी. सध्या बऱ्या वर्षी एकरी सरासरी सोळा क्विंटल भात मिळतं. देशाची सरासरीही साधारण याच घरात येते, म्हणजे आम्ही काही मागे राहिलेलो नाही.

आता आजचा हिशेब मांडू. जमीन सहावरून साडेतीन एकर कशी झाली? एक एकर आत्यांची लग्नं आणि घराचं बांधकाम यांत गेली. दीड एकर पुढे प्लॉटवाल्यांना दिली, आज तिथे तीन गल्ल्या आहेत. साडेतीन एकर गुणिले सोळा, छप्पन्न क्विंटल भात. बियाणं काढून तांदूळ होतो साडेपस्तीस क्विंटल. खाणारी तोंडं एकतीस. २०११-१२ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत माणशी महिन्याला खेड्यात ११ किलोच्या वर आणि शहरात ९ किलोच्या वर धान्य लागतं असं दिसलं होतं. मी दहा किलो धरले. वर्षाला १२० किलो, एकतीस माणसांना सदतीस क्विंटल. तांदूळ, जोंधळा, गहू वेगळं न करता एकूण धान्य म्हणून.

पिकतं साडेपस्तीस, लागतं सदतीस.

हे गणित मी तीनदा केलं. माणसं साडेतीनपट झाली, जमीन निम्म्याच्या जवळ आली, तरी शेत अजून जवळजवळ सगळ्यांचं पोट भरू शकतं. मग अडचण कुठे आहे?

दोन वाईट वर्षं

ती पहिल्यांदा उघडी पडली २०१९ च्या ऑगस्टमध्ये. कृष्णा-घटप्रभेच्या महापुराच्या बातम्या सगळ्यांनी पाहिल्या, पण बेळगाव शहराच्या पायथ्याला बळ्ळारी नाल्याने काय केलं ते शिवाराबाहेर फार कुणाला ठाऊक नाही. हा नाला शहराच्या दक्षिण अंगाचं पाणी घेऊन शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारांतून पूर्वेला जातो. पूर्वी त्याचं पाणी दोन दिवसांत ओसरायचं आणि जाताना गाळ टाकून जायचं, तो गाळ म्हणजे फुकटचं खत. आता पात्रात गाळ साचलाय, जलपर्णी माजलीय, काठाला भराव पडलेत आणि शहराचं सांडपाणी बारा महिने त्यातच. वरच्या बाजूला जिथे शेत होतं तिथे घरं आणि काँक्रीट आलं, त्यामुळे पूर्वी जमिनीत मुरणारं पाणीही धावत नाल्यात येतं.

आमचा खोलगट एकर नऊ दिवस पाण्याखाली होता. भात पाण्यात उभं राहतं, पण पाण्यात बुडून राहत नाही. शेंडा बुडाला की रोपाला हवा मिळत नाही, आठवड्याच्या वर गेलं की ते कुजतं. इंटाण उंच असूनही त्याचं काही चाललं नाही, कारण तेव्हा ते अजून हातभरच होतं. ऑगस्टच्या अखेरीला रोप विकत आणून पुन्हा नट्टी, म्हणजे रोपांची लावणी, केली. त्या एकरात तीन क्विंटल मिळालं.

अशा पाण्यासाठी म्हणून केलेलं वाण आहे. स्वर्णा सब-१ नावाचं भात भारतात २००९ मध्ये प्रसारित झालं, ते दोन आठवड्यांपर्यंत बुडून राहिलं तरी पाणी ओसरल्यावर पुन्हा फुटतं. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशात त्याने शेतं वाचवलीत. मी आमच्याकडच्या तीन बियाण्यांच्या दुकानांत विचारलं, कुणी नावही ऐकलेलं नव्हतं. शिवाय ते उशिरा पिकणारं, आमच्या भातामागून येणाऱ्या मसुराच्या पेरणीला अडचण करणारं. तरी एका तुकड्यात करून बघायची इच्छा अजून आहे.

दुसरं वाईट वर्ष २०२३. या वेळी उलटं झालं. जूनचा पाऊस लांबला, जुलैत बरा झाला आणि ऑगस्ट कोरडा गेला. १९०१ पासूनच्या नोंदींत देशाचा इतका कोरडा ऑगस्ट झालेला नव्हता. कर्नाटकातले २३६ पैकी २२३ तालुके टप्प्याटप्प्याने दुष्काळी जाहीर झाले. भात पोटरीत असताना शिवाराला भेगा होत्या. वरच्या तुकड्याला विहिरीचं पाणी दोनदा दिलं, मग विहिरीने तळ दाखवला. साडेतीन एकरांत अठ्ठावीस क्विंटल भात, म्हणजे अठरा क्विंटल तांदूळ. गरजेच्या निम्मा.

त्याच पावसाळ्याच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट घडली होती, आणि ती मला घरच्या तोट्यापेक्षा जास्त लागली. कर्नाटकाच्या रेशनवरच्या अन्नभाग्य योजनेत दर माणशी पाच किलो तांदूळ वाढवून दहा करायचं राज्य सरकारने जाहीर केलं. त्यासाठी महिन्याला २.२८ लाख टन तांदूळ हवा होता. केंद्राने जून २०२३ मध्ये आपल्या साठ्यातून राज्यांना होणारी विक्री थांबवली. राज्याने इतर राज्यांकडे चौकशी केली, हव्या त्या भावात तेवढा तांदूळ जमेना. शेवटी जुलैपासून तांदळाऐवजी किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यात टाकायला सुरुवात झाली. वीस जुलैला केंद्राने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाची निर्यातही बंद केली. आमच्या चार चुलींपैकी दोघींकडे रेशनकार्ड आहे. धाकट्या काकी बँकेतून पैसे काढून आल्या आणि मला म्हणाल्या, ‘‘१७० रुपयांत पाच किलो तांदूळ दुकानदार देतो काय रे? तीन किलो आला बघ.’’

एवढ्या मोठ्या राज्याकडे पैसा होता आणि तांदूळ मिळत नव्हता. कोठारं भरलेली आहेत म्हणून धान्याचा प्रश्न सुटला, असं समजणाऱ्यांनी तो महिना आठवावा.

बैठक

हे सगळं मनात ठेवून माणसं सोप्यात बसली होती. थोरल्या काकांनी सुरुवात केली. त्यांचं म्हणणं मी त्यांच्याच क्रमाने देतो, कारण ते चुकीचं नव्हतं.

एकरी भाताला खर्च येतो साडेचोवीस हजार. ट्रॅक्टरची मशागत, बियाणं, खत, भांगलण, लावणीच्या बायकांची मजुरी, कापणीचं मशीन. सोळा क्विंटलाला क्विंटलमागे २,१८३ रुपये हमीभाव धरला तर येतात पस्तीस हजार. उरले साडेदहा हजार. आणि हमीभाव तरी कुणाला मिळतो? सरकारी खरेदी सुरू होईपर्यंत वाट बघायला घरात जागा नसते, देणीही थांबत नाहीत, म्हणून खळ्यावरच व्यापाऱ्याला घालावं लागतं. साडेतीन एकरांचे साडेछत्तीस हजार, एकतीस माणसांत वाटले तर माणशी बाराशेही नाहीत. वर्षभराचे.

ऊस एकरी अडतीस टन जरी झाला आणि तोडणी-वाहतूक वजा होऊन टनाला २,९०० हातात आले, तरी एक लाख दहा हजार. खर्च पन्नास. साठ हजार उरतात. पुढच्या वर्षी खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटणारा ऊस, त्याला लागणीचा खर्चही नाही.

‘‘सहापट फरक आहे बाबांनो,’’ काका म्हणाले. ‘‘भात काय भावनेसाठी करायचं?’’

कुणी बोललं नाही. मग आतून थोरल्या काकी आल्या. त्या बैठकीत नव्हत्या, चहा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘‘विकायला जाता तवा ते भात असतंय, आणायला जाते तवा तांदूळ असतोय. त्यो हिशेब धरलासा काय?’’

मी तो धरलेला नव्हता. तिथेच वहीच्या मागच्या पानावर मांडला. व्यापारी भाताला किलोला एकवीस-बावीस देतो. एक किलो तांदळाला दीड किलो भात लागतं, म्हणजे आमच्या हातून तांदूळ जातो तेहतीसच्या भावाने. तोच इंद्रायणी आम्ही शहापूरच्या बाजारात पंचावन्नने आणतो. एकराच्या सोळा क्विंटल भाताचा तांदूळ १,०४० किलो, पंचावन्नने ५७,२०० रुपये. लागवडीचा खर्च आणि गिरणीची मजुरी काढली तरी तीस हजार उरतात. विकण्यासाठी पिकवलं तर साडेदहा हजार, खाण्यासाठी पिकवलं तर तीस हजार. जमीन तीच आणि घामही तोच.

शिवाय भातामागे मसूर. आमच्या पट्ट्याची ही खरी श्रीमंती आहे. भात कापलं की जमिनीत जी ओल राहते तिच्यावर मसूर, हरभरा, वाटाणा येतो, वरून पाणी द्यावं लागत नाही. बेळगावचा मसूर बारीक असतो, पण चवीला त्याची सर कुणाला नाही. एकरी अडीच क्विंटल मसूर, खर्च वजा जाता अकरा-बारा हजार देतो. डाळ घरची होते आणि मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देऊन जातात. हे धरल्यावर भात-मसूर चाळीस हजारांच्या वर गेलं. ऊस साठ हजार, पण तेरा-चौदा महिने जमीन अडवून आणि वर्षभर विहीर उपसून. २०२३ मध्ये जी विहीर दोन पाण्यांत आटली तीच विहीर.

फरक सहापटीवरून दीडपटीवर आला. काका विचारात पडले. पण त्यांनी जे उत्तर दिलं त्याला माझ्याकडे आजही जबाब नाही. ते म्हणाले, ‘‘तांदूळ घरात वाचला हे खरं. पण पोराची कॉलेजची फी तांदळानं भरता येत नाही. रोख पाहिजे.’’

हाच सगळा पेच आहे. आमची जमीन माणसांना खाऊ घालू शकते, पण जे खाऊ घालतं ते पीक घरात रोकड आणत नाही. म्हणून जो तो एकेक तुकडा भाताखालून काढतो. एका घराने काढला तर काही बिघडत नाही.

मामांचं गाव अथणी तालुक्यात आहे. तिथे पाऊस पाच-सहाशे मिलिमीटरचा, काळी जमीन, आणि माझ्या लहानपणी दिवाळीनंतर नजर जाईल तिथवर शाळू, म्हणजे रब्बीचा जोंधळा. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर पेरलेला शाळू थंडीतल्या दवावर पिकायचा. एकरी चार-पाच क्विंटल. कमी आहे, पण विहीर-बोअर काही न मागता. कृष्णेचं पाणी उपसून आलं आणि तिथे ऊस उभा राहिला. शाळूला चार-पाचशे मिलिमीटर पाणी पुरतं, उसाला पंधराशे ते अडीच हजार लागतं. मामांच्या घरी पैसा आला, पोरं शिकली, पक्कं घर झालं, याचा मला आनंद आहे. पण आज मामी भाकरीचा जोंधळा दुकानातून आणते, तेही अथणीत.

एकट्या घराच्या हिशेबात न दिसणारी गोष्ट जिल्ह्याच्या हिशेबात दिसते. २००१ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात ४२,१४,५०५ माणसं होती, २०११ मध्ये ४७,७९,६६१. दहा वर्षांत साडेपाच लाखांच्या वर वाढली. आमच्याच मापाने, माणशी १२० किलो धान्य आणि एकरी सोळा क्विंटल भात धरलं, तर नुसत्या या वाढलेल्या माणसांसाठी पासष्ट हजार एकर भाताची जमीन लागते. नवी जमीन कुठून येणार? येते ती उलटीच बातमी. हलगा-मच्छे बायपासच्या भूसंपादनावरून याच सुपीक पट्ट्यातले शेतकरी वर्षानुवर्षं कोर्टात झगडले. रस्ते नकोत असं माझं म्हणणं नाही. पण वर्षाला दोन पिकं पाण्याविना देणारी जमीन आणि खडकाळ माळ हे मोजताना एकाच भावाचे धरले जातात, हे मला पटत नाही.

ठरलं काय

बैठक संध्याकाळपर्यंत चालली. विकायचा विषय दोन्ही काकांनी मिळून बंद केला. विहिरीजवळचा वरचा एक एकर उसाला द्यायचा, रोख रकमेसाठी. मी विरोध केला, माझं चाललं नाही. उरलेल्या अडीच एकरांत भात. त्यातलं काहीही खळ्यावर विकायचं नाही, चारही चुलींत माणसं मोजून वाटून घ्यायचं. आणि तिसरी गोष्ट धाकट्या काकांनी सुचवली, ती सगळ्यांत मोलाची ठरली. आमच्या खोलगट एकराच्या कडेने नाल्याला मिळणारा एक जुना चर आहे. दोन्ही बाजूंच्या बांधांनी खाऊन खाऊन तो हातभर राहिला होता. शेजारच्या सहा शेतकऱ्यांना भेटून, वर्गणी काढून, जेसीबीने तो मोकळा करायचा.

शेजाऱ्यांपैकी दोघे कन्नड बोलणारे, चौघे आमच्यासारखे मराठी. सीमेचा वाद पेपरात रोज असतो, चरावर त्याचं कुणी नावही काढलं नाही. एकाने फक्त विचारलं की चर रुंद करायला जमीन कुणाची जाणार. दोन्ही बाजूंनी सारखी, असं ठरलं. वळवाच्या दोन सरींच्या मधल्या चार दिवसांत काम उरकलं.

मेच्या शेवटच्या आठवड्यात खोलात इंटाणाची धूळवाफ पेरणी केली. कोरड्या मातीत कुरीने पेरायचं, मृगाच्या पावसावर उगवतं, आणि मोठा पाऊस येईपर्यंत रोप दीड वीत वर आलेलं असतं. नट्टीच्या भाताच्या आधी त्याची उंची मिळते, हे खोल जमिनीत फार उपयोगी. मजुरीही वाचते. दोष एकच, तण भातासोबतच उगवतं. भांगलण दोनदा करावी लागली. वरच्या दीड एकरात रोप लावून इंद्रायणी केलं. बियाण्याच्या पिशवीवरची माहिती कन्नडात होती, ती पुतण्याने सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली. तो कन्नड शाळेत शिकतो. खताचा दुसरा हप्ता आम्ही आजवर पंधरा दिवस उशिरा देत होतो, हे त्यातून कळलं.

जुलैत झोडपून पाऊस झाला. नाला फुगला आणि पाणी शिवारात शिरलं. २०१९ मध्ये नऊ दिवस बसलेलं पाणी या वेळी चराने पाच दिवसांत उतरलं. इंटाणाचे शेंडे वर होते. काही जागी गेलं, बरंचसं वाचलं. सुगीला खोलगट एकरात अकरा क्विंटल झालं, वरच्या दीड एकरात पंचवीस. एकूण छत्तीस क्विंटल भात, साडेतेवीस क्विंटलाला थोडा कमी तांदूळ. एकतीस माणसांना साडेसात महिन्यांचं धान्य. उरलेल्या साडेचार महिन्यांपैकी काही भाग रेशनने भरला, बाकीचं विकत आणलं. मसूर अडीच एकरांत सहा क्विंटल झाला, त्यातला चार विकला.

पुढचं वर्ष, २०२५, वेगळंच निघालं. मान्सून केरळात २४ मेलाच आला आणि आमच्याकडे वळीव आणि मान्सून यांत खंडच पडला नाही. माती कोरडी होईना. धूळवाफ पेरणीला मातीची धूळ लागते, इथे पाय रुतत होता. बेळगाव-खानापुरातल्या कितीतरी घरांची हीच गत झाली. आज्जाच्या वहीत असल्या वर्षाचा उल्लेख नाही. आम्ही घाईने वरच्या कोपऱ्यात रोपांसाठी तरवा टाकला आणि जुलैत खोलातसुद्धा नट्टी लावली. रोप लहान असतानाच पाणी आलं, पण चर मोकळा होता. त्या एकरात आठ क्विंटल मिळालं.

ऊस मात्र चांगला आला, हे मान्य करायला हवं. डिसेंबर २०२४ ची लागण, नोव्हेंबर २०२५ मध्ये तोडीला आली. तेव्हाच जिल्ह्यात उसाच्या दराचं आंदोलन पेटलं. मुडलगी तालुक्यात गुर्लापूरच्या क्रॉसवर हजारो शेतकरी टनाला ३,५०० रुपये मागत बसले होते, शेवटी ३,३०० वर मिटलं. आमचा ऊस तोडीची वाट बघत शेतात उभा होता आणि काका रोज संध्याकाळी फोनवर दराची बातमी विचारत होते. त्याच दिवसांत बाजूच्या दीड एकरात इंद्रायणीची कापणी चालली होती. त्या भाताचा दर कुणाला विचारायचा नव्हता. ते मळलं, वाळवलं आणि पोत्यांत भरून चार घरी गेलं.

खोडवा ठेवायचा की उसाचा एकर पुन्हा भाताला द्यायचा, यावर या उन्हाळ्यात परत बसायचं आहे. काकांचा कल खोडव्याकडे आहे. चुलतभावाचं म्हणणं अजून तेच, विका. घरात यंदा एक बाळ जन्मलं, ताटं बत्तीस होतील. थोरल्या काकींनी खोलगट एकरातलं इंटाणाचं तीस किलो बियाणं निवडून, कडुनिंबाचा पाला घालून, माळ्यावरच्या कणगीत बांधून ठेवलं आहे. शेजारच्या सहा जणांकडून चराची वर्गणी गोळा करायचं काम माझ्याकडे आहे, त्यातल्या चौघांनी ती दिली.